पेन ड्राइव्हवरचा राउटर आणि आम्ही दोघी

आमगावात स्टेशनकडून बाजाराकडे येताना खत-बियाण्यांचं एक दुकान लागे. त्याच्या वरच्या खोलीत मी आणि माझी मैत्रीण संगणकाचा वर्ग आणि इंटरनेट चालवायचो. जिना बाहेरून होता, अरुंद, आणि वर चढेपर्यंत औषधांचा वास नाकात जाऊन बसायचा. नवीन माणूस तोंडाला रुमाल लावूनच वर येई. आम्हा दोघींना तो वास पुढे पुढे जाणवेनासाच झाला. आता मात्र कुठल्याही कृषी केंद्रापुढून जाताना जाणवतो, आणि मग मी उगाच हळू चालते.

आम्ही गोंदियाला पदविकेच्या वर्गात भेटलो. मी पोवारांची, लग्न होऊन कामठ्याजवळच्या गावी आलेली. घरी सासू-सासरे, धानाची शेती, बोलणं सगळं पोवारीत. ती देवरीच्या पलीकडची, जंगलाला लागून असलेल्या गावातली. वडील लवकर गेलेले, घर मोठा भाऊ बघायचा. वर्गात मुली मोजक्याच, आणि यंत्राचं झाकण उघडून आत डोकावणारी ती एकटी. सर फळ्यावर चौकोन काढून हे इथं, ते तिथं असं शिकवायचे. ती म्हणायची, सर, खोलून दाखवा ना. एकदा सरांनी कंटाळून स्क्रू-ड्रायव्हरच तिच्या हातात दिला. त्यानंतर वर्गातलं काहीही बिघडलं की सर तिला हाक मारायचे आणि ती मला. टॉर्च धरायला कोणीतरी लागायचं.

पदविका झाल्यावर तिला नागपूरला जायचं होतं. भाऊ नाही म्हणाला. आमगावपर्यंत चालेल म्हणाला, कारण तिथं त्यांची मावशी राहायची. माझ्या घरी नवऱ्यानंच सासऱ्यांपुढे विषय काढला आणि सासरे म्हणाले, संध्याकाळच्या बसनं परत येत असेल तर काही हरकत नाही. अशी ती खोली आमची झाली. वर्ग सकाळी, इंटरनेट दिवसभर. बारावीच्या निकालाच्या दिवशी जिन्यापासून रस्त्यापर्यंत पोरं-पोरी उभ्या असायच्या. भरतीचे अर्ज, गाडीची तिकिटं, कोणाचं मुंबईला पाठवायचं पत्र, सगळं आमच्याकडे यायचं.

दुखणं एकच होतं. टेलिफोनच्या तारेतून येणारं इंटरनेट आधी एका मुख्य संगणकात शिरे आणि त्यातून बाकीच्यांना वाटलं जाई. हा मुख्य संगणक आजारी माणसासारखा होता. कोणी बाहेरून व्हायरस आणला की पहिला तोच झोपायचा, आणि तो झोपला की सगळी खोली झोपायची. त्यात लोडशेडिंग. लाइट आल्यावर तो उठायला इतका वेळ घ्यायचा की गिऱ्हाईक चहा पिऊन यायचं, तरी पडद्यावर तेच निळं चित्र.

पोरांचं काही नव्हतं, ती थांबायची. पण दर रविवारी देवरीकडून एक गुरुजी यायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेले, गोंड समाजातले, पांढरा इस्त्रीचा सदरा, खिशात कंगवा. त्यांची मुलगी मस्कतला नर्स होती. कोपऱ्यातल्या संगणकाला आम्ही कॅमेरा लावला होता, तिथं बसून ते तिच्याशी बोलायचे. बसण्याआधी कंगवा काढून केस सारखे करायचे. आणि बोलणं रंगात आलं की मुख्य संगणक अडकायचा. मुलीचा चेहरा अर्धा उघड्या तोंडानं पडद्यावर थिजून राहायचा. गुरुजी तक्रार करत नसत. त्या थिजलेल्या चेहऱ्याकडेच बघत बसायचे. मग बसची वेळ झाली की उठायचे. एका रविवारी तर ती कॅमेऱ्याजवळ काहीतरी धरून दाखवत होती, ते काय होतं हे कळायच्या आत सगळं बंद पडलं. गुरुजी गेल्यावर मैत्रीण कितीतरी वेळ त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "हा संगणकच नाही पाहिजे मधात. आपण राउटर बनवू."

बाजारात तयार मिळणारा राउटर आम्हाला ठाऊक होता, पण चांगला नागपूरशिवाय मिळत नव्हता आणि एवढे संगणक त्यानं पेलले नसते. तिनं कुठंतरी वाचलं होतं की जुन्या संगणकालाच राउटर करता येतं. त्याचं एक सॉफ्टवेअर असतं, फुकट मिळतं, आणि ते घातलं की यंत्र दुसरं काहीच करत नाही, फक्त इंटरनेट वाटतं. गोंदियाच्या भंगारवाल्याकडून तिनं एक जुना डबा आणला. बसच्या टपावर घालून आणला आणि उतरवून घेताना कंडक्टरशी भांडलीही. झाकण उघडलं तर आत हार्ड डिस्कच नव्हती, कोणीतरी काढून घेतली होती. मला वाटलं फसवणूक झाली. ती म्हणाली, नाही, मी बघूनच घेतला. हार्ड डिस्क उन्हाळ्यात आपल्या खोलीत तशीही टिकत नाही. हे सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरूनही चालतं.

मला हे पटायला जड गेलं. पेन ड्राइव्ह म्हणजे गाणी न्यायची वस्तू. बोटाएवढ्या त्या तुकड्यावर आमची सगळी खोली चालणार?

डाउनलोडलाच काही दिवस गेले. सकाळी लवकर लाइन मोकळी असायची, तेव्हा ती मावशीकडून चहा पिऊन सरळ खोलीवर यायची. फाइल अर्धी उतरायची आणि लाइट जायची. शेवटी एकदाची पूर्ण उतरली, तेव्हा ती खाली दुकानात जाऊन मालकांनाही सांगून आली. त्यांना काय कळणार! ते म्हणाले, "बहुत अच्छा, मॅडम."

पेन ड्राइव्ह तिचाच होता, लाल रंगाचा, मावशीनं दिवाळीला दिलेला. सॉफ्टवेअर घालायचं तर त्यावरचं सगळं पुसलं जाणार होतं. त्यात तिचे कॉलेजचे फोटो होते, गावाकडच्या मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचे, फोटो होते. ते आम्ही सीडीवर उतरवून घेतले. एक फाइल उरली. ती तिच्या लग्नाची माहिती होती, भावानं तिच्याकडूनच टाइप करून घेतलेली. मी म्हटलं, हीपण घे ना. तिनं स्क्रीनकडे पाहिलं.

"जाऊ दे ते," ती म्हणाली. "पुसल्या गेलं तं गेलं."

आम्ही दोघी खूप हसलो.

पहिल्यांदा काही जमलं नाही. डबा चालू केला, एक ओळ आली आणि पुढे पडदा काळा. कितीही वेळ बसलं तरी काळा. दोन दिवसांनी तिला कळलं की या सॉफ्टवेअरचे प्रकार असतात. आम्ही उतरवलेला प्रकार पडदा नसलेल्या यंत्रासाठी होता. तो आत नीट चालू होत होता, फक्त आम्हाला काही दाखवत नव्हता. म्हणजे पुन्हा सकाळचं डाउनलोड, पुन्हा लाइट जाणं.

दुसऱ्या खेपेला आम्ही खोली बंद ठेवून बसलो. खाली दुकानही साप्ताहिक सुट्टीचं बंद होतं, त्यामुळे वासही कमी होता. तिनं फाइल पेन ड्राइव्हवर लिहायला घातली. ती नुसती कॉपी करून चालत नाही, वेगळ्या प्रोग्रामनं पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत जशीच्या तशी उमटवावी लागते. उमटून झाल्यावर मी तो पेन ड्राइव्ह काढून परत लावून बघितला, तर आमचा संगणक विचारायला लागला की हा कोरा आहे, फॉरमॅट करू का. तिनं झटकन माझा हात माऊसवरून उचलला.

"याले वाचता येत नाही म्हणून तो कोरा होते काय?" ती म्हणाली. "काढ. तिकडे लाव."

जुन्या डब्याला आधी सांगावं लागलं की चालू होताना हार्ड डिस्क शोधू नको, पेन ड्राइव्ह शोध. ते झालं. पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर वर जायला लागल्या. आमच्या दोघींचे खांदे एकमेकींना लागलेले. आणि शेवटी शेवटी सगळं थांबलं. यंत्र विचारत होतं, माझी मूळ जागा कुठं आहे? जिच्यावरून ते इथवर आलं होतं तीच जागा त्याला सापडत नव्हती. तेवढ्यात लाइट गेली.

खिडक्या उघडून आम्ही जेवणाचा डबा खाल्ला. मी आणलेली भाकर, तिच्या मावशीनं दिलेली चणाभाजी. तिनं परदेशातल्या कोण्या माणसानं लिहिलेली पानं आधीच छापून ठेवली होती, ती उजेडाकडे धरून वाचत होती. त्या माणसाचंही यंत्र नेमकं इथंच अडकलं होतं. वाचता वाचता ती म्हणाली, कळलं. पेन ड्राइव्ह जागा व्हायला थोडा वेळ घेतो, आणि यंत्र तेवढं थांबत नाही. विचारतं, उत्तर आलं नाही की हात टेकतं. त्याला एका ओळीत सांगून ठेवायचं की सुरू होताना थोडा दम धर.

लाइट आल्यावर तिनं पहिल्यांदा हातानं जागेचं नाव टाइप केलं, मग आत शिरून ती थांबायची ओळ कायमची लिहिली. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. ओळी वर गेल्या, मधे थांबल्या. मग पुन्हा चालू झाल्या आणि थेट शेवटपर्यंत गेल्या.

राहिल्या दोन तारा. एक टेलिफोनकडून आत येणारी, एक आमच्या संगणकांकडे बाहेर जाणारी. कोणती कोणत्या खाचेत हे यंत्राला ओळखू द्यायचं होतं. मी टेबलाखाली शिरले. वरून ती सांगत होती, काढ, आता लाव, थांब, दुसरी काढ. माझ्या केसांत जाळी अडकत होती, गुडघ्याखाली धूळ. एकदम डब्याच्या पोटातून बारीक सूर निघाले, खेळण्यातल्या वाजणाऱ्या गाडीसारखे. मी दचकून टेबलावर डोकं आपटलं. ते यंत्राचं सांगणं होतं की मी तयार आहे.

"ऐकलं काय वो?" ती वरून म्हणाली. तिचा आवाज बदललेला होता. मी खालून बाहेर आले तेव्हा ती डोळे पुसत होती आणि हसतही होती.

दोन-तीन दिवसांनी आम्ही डबा माळ्यावर चढवला. पडदा काढला, कीबोर्ड काढला, फक्त लाल पेन ड्राइव्ह मागे खोचलेला. त्याच दुपारी लाइट जाऊन आली आणि सूर काही वाजेना. स्टुलावर चढून पडदा लावून बघितलं तर यंत्र म्हणत होतं, कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी कीबोर्डवरचं अमुक बटण दाबा. ती स्टुलावर बसून इतकी हसली की मला तिला धरावं लागलं. मग तीही अट तिनं काढून टाकली. त्यानंतर लाइट येई, आम्ही दोघी बोलता बोलता गप्प होत असू, आणि माळ्यावरून सूर आले की पुन्हा बोलायला लागत असू.

पुढच्या रविवारी गुरुजी आले. केस विंचरून बसले. मुलगी दिसली. बोलणं सुरू झालं ते थांबेचना. ते गोंडीत बोलायचे. मला त्यातलं काही कळत नसे. मैत्रिणीला थोडं कळायचं, तिच्या गावात शेजार सगळा गोंडांचा होता. आम्ही दोघी मुद्दाम दुसरीकडे बघत होतो. काही वेळानं बाप-लेकीचं बोलणं संपलं, पण दोघांपैकी कोणीच बंद करेना. ती तिकडे वाटीतून काहीतरी खात होती, गुरुजी तिचं खाणं बघत होते. असं पुष्कळ वेळ चाललं. बसची वेळ झाली तेव्हा तेच उठले, आमच्याजवळ येऊन "बरं झालं जी" एवढंच म्हणाले आणि जिना उतरले.

मैत्रीण मला बसपर्यंत सोडायला आली तेव्हा मी विचारलं, काय बोलत होते. ती म्हणाली, ते विचारत होते तुझ्या घरापुढे झाड आहे का. मुलगी म्हणाली, इथं अंगणच नाही. मग त्यांनी विचारलं, तर संध्याकाळी बसतेस कुठं?

ती दीड-दोन वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं होती. तसं मी तेव्हा कोणाला म्हटलं नसतं. तेव्हा रोज काही ना काही कुरकुर असायचीच. बस चुकायची, धानाच्या रोवणीच्या दिवसांत घरून निघताना सासूबाईंचं तोंड उतरलेलं असायचं. पण सकाळी जिना चढताना वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला की मला बरं वाटे. ती आधीच येऊन बसलेली आहे, आता माझ्याकडे न बघताच म्हणेल, "काऊन वो, उशीर केला." उशीर झालेला नसला तरी म्हणेल.

एका दिवाळीनंतर तिचा भाऊ खोलीवर आला. तो आत येऊन बसला, मी चहा मागवला. मुलगा दुर्गला रेल्वेत आहे, घर चांगलं आहे, असं त्यानं मला सांगितलं, जणू मी तिची मोठी बहीण. हिच्या नोकरी-धंद्याचं पुढे बघू म्हणतात, असंही म्हणाला. भाऊ काही वाईट माणूस नव्हता. बहिणीला एकटीनं आमगावात राहू दिलं म्हणून त्यानं गावात पुष्कळ ऐकून घेतलं होतं. ती माळ्याखाली उभी राहून तारा गुंडाळत होती, त्या गुंडाळायची काहीच गरज नव्हती.

तो गेल्यावर मी विचारलं, "तुले काय वाटते?"

"मुलगा चांगला आहे वो," ती म्हणाली. "चांगला नसता तं नाही म्हणता आलं असतं."

माझं लग्न आधीच झालेलं होतं, मला कुठं जायचं नव्हतं. म्हणून मी कायम असंच धरून चालले होते की आम्ही दोघी इथंच असू.

लग्नाआधीच्या महिन्यात तिनं मला सगळं शिकवायला घेतलं. मी टाळत होते. शिकले की ती जाणार हे खरं होणार, असं काहीतरी माझ्या मनात होतं. मी म्हटलं, लिहून ठेव ना, मी बघून करीन. तिनं लिहायला साफ नकार दिला. गोंदियाहून दुसरा पेन ड्राइव्ह आणला, माझ्यापुढे ठेवला आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली घालून बसली. मी हात लावणार नाही म्हणाली. मी फाइल उमटवली. चुकली. पुन्हा उमटवली. थांबायची ओळ विसरले, यंत्र तिथंच अडकलं, तिनं नुसतं वर छताकडे बघितलं. तारा लावायची वेळ आली तेव्हा टेबलाखाली ती शिरली आणि पडद्यापुढे मी होते. "काढू?" तिनं खालून विचारलं. मी पडद्याकडेच बघत राहिले. "सांग ना वो, काढू काय?" मी म्हटलं, काढ.

तो दुसरा पेन ड्राइव्ह आम्ही कागदात गुंडाळून कपाटात ठेवला. लग्न देवरीला झालं. मी वऱ्हाडाला जेवू घातलं, तिच्या आईला सांभाळलं, आणि गाडी निघाली तेव्हा तिला नीट बघायचंच राहून गेलं.

सुरुवातीला फोन रोज यायचा. मग आठवड्यातून. मग तिला मुलगा झाला, फोन सणावारावर आला. तिच्या बोलण्यात हिंदी वाढत गेली. मी खोली एकटीनं चालवत होते. लाइट आली, सूर वाजले, की मी बाजूच्या खुर्चीकडे बघायची. बरेच दिवस ती सवय गेली नाही.

एका उन्हाळ्यात लाल पेन ड्राइव्ह गेला. माळ्यावरची उष्णता त्याला बाधली असावी. लाइट आली, सूर वाजलेच नाहीत, पडदा लावून बघितलं तर यंत्राला आत काही सापडतच नव्हतं. मी कपाटातला दुसरा काढला. काय करायचं ते मला पाठ होतं. नुसता खोचायचा आणि चालू करायचं. तो हातात घेऊन मी थोडा वेळ उभी राहिले, आणि मग तिला फोन लावला.

फोन सासूबाईंनी उचलला, मग ती आली. मागे कुकरची शिटी होत होती. मी म्हटलं, राउटर बंद पडला, मला काही कळेना, काय करू.

"तुले येते ते," ती म्हणाली.

कुकर बंद केल्याचा आवाज आला. दार लोटल्याचा आवाज आला.

"बरं, सांग," ती म्हणाली. "पडद्यावर का दिसून राहिलं?"

मी एकेक ओळ वाचून दाखवली. ती ऐकत होती, हूं म्हणत होती. पुढे? मग? मी पेन ड्राइव्ह लावला, चालू केला, ओळी वर जायला लागल्या, त्याही वाचल्या. इंग्रजीतले ते आकडे आणि अक्षरं मी तिला अशी वाचून दाखवली की बाजूच्या संगणकावर बसलेल्या पोरीला वाटलं असेल मॅडमला काय झालं. मधे ओळी थांबल्या. पुन्हा चालू झाल्या. सूर वाजले तेव्हा मी फोन माळ्याकडे धरला.

"आला आवाज?" मी विचारलं.

"आला," ती म्हणाली. मग म्हणाली, "ठेवू आता? हे जेवाले येतील."

मग काही वर्षांत सगळं बदलत गेलं. ज्याच्या त्याच्या हातात फोन आला. गुरुजी एका रविवारी आले ते बसायला नव्हे, मुलीनं पाठवलेला फोन दाखवायला. आता घरीच दिसते म्हणाले. आम्ही चहा घेतला. त्यानंतर ते आले नाहीत, आणि पुढे देवरीकडच्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं की मुलगी त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. खोलीत आता फक्त अर्ज भरायला लोक यायचे. तळहाताएवढा नवा राउटर आला, त्यानं काम भागायला लागलं. माळ्यावरचा डबा भंगारवाल्याला दिला. मला वाटलं होतं वाईट वाटेल, तसं काही झालं नाही. त्या दिवशी पाऊस येईल की काय म्हणून घरी धान झाकायची घाई होती.

तिला भेटायला मात्र मला फार उशीर झाला. दुर्ग काही लांब नाही, आमगावहून गाडीत बसलं की सालेकसा, दरेकसा, डोंगरगड करत सकाळची दुपार होते. पण शेती, सासऱ्यांचं आजारपण, खोली, काही ना काही आडवं येत गेलं. गेले तेव्हा तिचा मुलगा शाळेत जाणारा झाला होता. स्वच्छ घर, दारात तुळस, नवरा खरंच चांगला. त्यानं मला आग्रह करून वाढलं. ती जाड झाली होती, चष्मा लागला होता. आम्ही मुलाच्या शाळेबद्दल बोललो, तिच्या भावाच्या नव्या घराबद्दल, मावशीच्या गुडघ्यांबद्दल. मी दोनदा खोलीचा विषय काढला. दोन्ही वेळा ती उठून काहीतरी आणायला आत गेली. तिसऱ्यांदा मी काढला नाही. त्यांच्या घरी संगणक होता, त्याच्यावर विणलेलं आच्छादन होतं. नवरा म्हणाला, "इसको बहुत आता था ना पहले?" ती म्हणाली, हां, थोडा-बहुत.

परतीच्या गाडीला ती मला सोडायला आली. मुलाला घरी ठेवून एकटीच आली, ते मला बरं वाटलं. गाडीला उशीर होता. फलाटावरच्या बाकावर आम्ही बसलो. शेजारी एक कुटुंब गाठोड्यांवर झोपलं होतं. बराच वेळ तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग समोरच्या रुळांकडे बघत, हिंदी सोडून, आपल्या बोलीत म्हणाली,

"मले तं वाटे आपण दोघी तिथंच म्हाताऱ्या होऊ."

"मलेही," मी म्हटलं.

"खालच्या दुकानाचा वास येते अजून?"

"येते."

तिनं मान हलवली. मला तिला पुष्कळ सांगायचं होतं. ती गेल्यावर मी बाजूची खुर्ची कितीतरी महिने कोणाला दिली नाही, हे सांगायचं होतं. लाल पेन ड्राइव्ह गेला त्या दिवशी फोन का केला तेही सांगायचं होतं, पण ते तिला तेव्हाच कळलं होतं. गाडीची घोषणा झाली. माणसं उठली, गाठोडी उचलली गेली. तिनं माझी पिशवी घेतली, डब्यात चढून जागा बघितली, खिडकीशी बसलेल्या बाईला सरकायला लावलं आणि पिशवी तिथं ठेवली. उतरताना माझा दंड धरून म्हणाली, पोहोचली की फोन करजो.

गाडी सुटल्यावर मी जागेवर बसले नाही. दारातच उभी राहिले. ती फलाटावर थोडी चालत आली, मग थांबली, मग माणसांत दिसेनाशी झाली. डोंगरगड गेलं, जंगल लागलं, दरेकशाच्या बोगद्यात अंधार झाला आणि पुन्हा उजेड आला. कोणीतरी मला म्हणालं, बाई, आत बसा ना, जागा आहे. मी हो म्हटलं आणि आमगाव येईपर्यंत तशीच उभी होते.